माझे नऊ पेपर

संशोधन करणाऱ्या माणसाचे पेपर जेवढे होतात, त्याच्या तिप्पट किस्से होतात. पेपर कपाटात राहतात, किस्से बाजारात फिरतात. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मी मासळी घेत उभा असलो की कुणीतरी जुना सहकारी भेटतो आणि बरोबरच्या अनोळखी माणसाला पुढे करून म्हणतो, "परब, ते बेडकांचं काय झालं होतं, जरा यांना सांगा." मग मी पिशवी हातात धरून पहिल्यापासून सांगतो. तोवर पिशवीतले बांगडे नरम पडतात आणि घरी वेगळं ऐकावं लागतं.

मी अनंत परब, पेडणे तालुक्यातल्या धारगळचा. गोव्यातल्या एका मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. शरीर कसं चालतं ते आम्ही शिकवतो. बंद पडलं तर ते दुसऱ्या डिपार्टमेंटचं काम. आमचं डिपार्टमेंट लहान. हेड म्हणजे पुण्याहून आलेल्या मॅडम, अटेंडंट म्हणजे आमच्याच गावचा सगुण, आणि मधे मी.

निवृत्तीच्या वेळी एक फॉर्म भरायचा होता. 'एकूण प्रकाशने' या रकान्यात मी 'नऊ' लिहिलं. त्याखाली 'संशोधनाचा समाजावर झालेला परिणाम' असा रकाना होता आणि त्यासाठी अर्धं पान मोकळं सोडलं होतं. मी पेन धरून बराच वेळ बसलो. सगुण शेजारी उभा होता. म्हणाला, "सर, इतकी जागा रिकामी आसा तर जेवणाचो डबो तरी ठेवा."

* * *

बेडकांपासून सुरुवात करतो, कारण माझीही तिथूनच झाली.

त्या काळी प्रॅक्टिकलला बेडूक लागायचे. त्यांच्यावर अजून बंदी आली नव्हती. डिचोलीकडचा शाबा पोत्यातून ते आणून द्यायचा. बेडकाच्या पायाचा स्नायू काढून तो काट्याला बांधायचा, विजेचा बारीक झटका द्यायचा, स्नायू आखडला की काजळी लावलेल्या कागदावर रेघ उमटायची. स्नायू दमेपर्यंत किती रेघा उमटतात ते मी मोजत असे. मोजता मोजता माझ्या लक्षात आलं की पावसाच्या सुरुवातीचा बेडूक खूप वेळ दमत नाही, आणि चतुर्थीनंतरचा बेडूक बघता बघता गळून जातो.

मला रात्ररात्र झोप लागेना. ऋतू बदलतो, हार्मोन बदलतात, स्नायूची ताकद बदलते, असं सगळं मी रचलं. पेपर लिहिला. तो छापून आला. एका परिषदेत मी तो वाचला तेव्हा पहिल्या रांगेतले एक वयस्कर प्राध्यापक जागे झाले आणि "विचार करण्यासारखं आहे" म्हणाले. परत आल्यावर मी डिपार्टमेंटमध्ये पेढे वाटले. शाबा नेमका पोतं घेऊन आला होता, त्यालाही दिला. पेढा कशाचा म्हणून त्यानं विचारलं. मी त्याला समजेल अशा भाषेत सगळं सांगितलं. तो पेढा हातातच धरून ऐकत राहिला.

"चवथीउपरांत हॉटेलां सुरू जातात न्ही, सर?" तो म्हणाला. "व्हडले बेबे थंय वतात. उरिल्ले बारीक तुमकां."

गोव्यात मोठ्या बेडकाला बेबो म्हणतात. पर्यटकांचा मोसम सुरू झाला की जाडजूड बेबे हॉटेलात जात आणि उरलेले मरतुकडे विज्ञानाला मिळत. माझे हार्मोन एका वाक्यात संपले.

"अरे, मग हे मला आधी सांगायचं नाही का?"

शाबाला माझा राग समजलाच नाही. "सर," तो म्हणाला, "तुमी ते खंय खातात?"

मॅडम म्हणाल्या, चूक झाली आहे तर जर्नलला पत्र लिहा. मी लिहिलं. ते शेवटच्या पानावर, वर्गणीच्या सूचनेखाली, मुंगीएवढ्या अक्षरात छापून आलं आणि माझ्या माहितीप्रमाणे कुणीही वाचलं नाही. मूळ पेपर मात्र लोक वाचत राहिले. पुढे परदेशातल्या एका माणसानं त्या हार्मोनांवर सविस्तर अभ्यास करून माझे आभार मानले. मी त्यालाही पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. मीही त्याच्या जागी असतो तर दिलं नसतं.

* * *

त्या काळी कुणाला आपला पेपर हवा असेल तर तो पोस्टकार्ड पाठवायचा. कार्ड छापील असायचं: 'प्रिय डॉक्टर, आपल्या अमुक लेखाची एक प्रत पाठवाल तर आभारी होईन.' लेखाचं नाव तेवढं हातानं भरलेलं. माझी नोकरी तेव्हा कायम झाली नव्हती, म्हणून पेपरवर मी धारगळच्या घराचा पत्ता दिला होता. त्यामुळे कार्डं घरी येत. हायवेवरून पोस्टमन सायकल आत वळवतानाच ओरडायचा, "अनंताक जर्मनीसून इला!"

माझे वडील मराठी शाळेतले निवृत्त मास्तर. इंग्रजी अक्षरं त्यांना लागायची, अर्थ लागायला वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ ते घेत नसत. कार्डं त्यांनी देशवार लावून मेजावरच्या काचेखाली ठेवली होती. गावात पसरलं की जग अनंताला बोलावतंय आणि अनंत जात नाही.

माझं लग्न ठरायच्या वेळी मुलीकडचे आमचं घर बघायला आले. केरीचे लोक. मुलीचे वडील तेरेखोलच्या फेरीबोटीवर काम केलेले, त्यामुळे ये-जा करणाऱ्यांबद्दल त्यांना आपुलकी. बरोबर रीत सोडून मुलगीही आली होती. तिचं नाव सुलभा, शाळेत शिकवायची. चहा झाल्यावर वडिलांनी पाहुण्यांना मेजापाशी नेलं.

"ही जर्मनी. हा पोलंड. हे दोन जपानचे," ते म्हणाले.

"इतके बोलयतत, मग ह्यो जायना कित्याक?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"त्याक गोंय सोडवत नाय."

मी खुर्चीत बसून पायाच्या अंगठ्याकडे बघत होतो. सुलभानं काच थोडी उचलून एक कार्ड बाहेर काढलं, वाचलं आणि परत होतं तसं ठेवलं.

"यात त्यांना बोलावलेलं नाही," ती म्हणाली. "यात एक कागद मागितलाय. तोही फुकट."

वडिलांनी काच पुसायला सुरुवात केली. मला वाटलं, संपलं. पण आठ दिवसांनी केरीहून होकार आला.

लग्नानंतर मी तिला विचारलं, सगळं कळूनही हो कसं म्हटलंस? ती म्हणाली, "त्या खोलीत तुम्ही एकटेच गप्प बसला होता. म्हटलं, या माणसाला खोटं बोलता येत नसेल." हा निष्कर्षही पुढे चुकीचा ठरला, पण तोवर आमची मुलगी शाळेत जायला लागली होती.

* * *

नंतर मी बेडूक सोडून माणसांकडे वळलो. आमच्याकडे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला पाडेली म्हणतात. दिवसभरात तो कितीतरी माड चढतो-उतरतो. त्याचं हृदय हे कसं सोसतं, हा माझा प्रश्न. अडचण एवढीच की नाडी वर, माडाच्या शेंड्याला, मोजायला हवी, आणि मला स्टुलावर चढलं तरी गरगरतं.

म्हणून आमच्या बागेतल्या गणपत पाडेल्याला मी नाडी मोजायला शिकवलं. मनगटावर बोटं कशी ठेवायची, मिनिट कसं धरायचं, सगळं. "वर पोचलास की मोज आणि आकडा ओरडून सांग," मी म्हटलं. त्यानं मान डोलावली आणि चढला. मी खाली वही घेऊन उभा. थोड्या वेळानं वरून आवाज आला, "चाळीस!"

दुसऱ्या माडावर छत्तीस. तिसऱ्यावर पुन्हा चाळीस.

लांब पल्ल्याचं धावणाऱ्या खेळाडूंची नाडी संथ असते हे माहीत होतं, पण माड चढून गेल्यावर छत्तीस? मी मॅडमना कळवलं. दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः बस पकडून धारगळला आल्या आणि छत्री घेऊन माडाखाली उभ्या राहिल्या. गणपत चढला. वरून ओरडला, "एकोणीस!"

"परब," मॅडम म्हणाल्या, "एकोणीसला माणूस खाली पडतो. त्याला उतरवा आणि कसं मोजतो ते विचारा."

गणपत उतरला. नाडी कशी मोजतोस म्हटल्यावर तो आमच्याकडे बघतच राहिला.

"नाडी?" तो म्हणाला. "नाडी मोजूक वयर हात खंय रिकामो आसता? मी नारळ सांगतंय."

पाडेली वरूनच मालकाला नारळांचा आकडा सांगतो, ही आमच्या बागेतली पद्धत मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. मॅडम आधी माडाखालून चार पावलं बाजूला झाल्या. मग त्यांनी माझी वही घेतली आणि दोन दिवसांचे आकडे शांतपणे पाहिले.

"पीक चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

* * *

पुढे खाली उतरल्या उतरल्या लगेच नाडी मोजायची अशी पद्धत बसवली, बरेच पाडेली घेतले, आणि त्यावर माझा एकुलता एक चांगला पेपर झाला. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. त्याचं श्रेय कुणाला मिळालं ते सांगतो.

पेपर परदेशी जर्नलला पाठवताना मी तो स्वतः टाइप केला होता. पहिल्या पानावर जागा कमी पडली, म्हणून माझं नाव आणि पत्ता एकाच ओळीत घेतला: ए. परब, गोवा, दमण आणि दीव. तेव्हा आमच्या केंद्रशासित प्रदेशाचं नावच तसं होतं. तिकडच्या संपादकाला वाटलं, ही चार माणसं आहेत. त्यांच्याकडे नावं अकारविल्हे लावायची पद्धत होती, इंग्रजीत. त्यामुळे दमण पहिला आला, मग दीव, मग गोवा, आणि शेवटी परब. माझ्याच पेपरात मी चौथा. तपासायला पाठवलेली प्रत बोटीनं आली, तोवर अंक निघून गेला होता.

त्याच सुमारास गोवा घटकराज्य झालं आणि दमण, दीव वेगळे राहिले. सगुणनं पेपर हातात घेऊन नावं वाचली. म्हणाला, "सरकारान त्यांका वेगळा केल्यान, आणि तुमी परत वांगडा घेतल्यात."

मी तेव्हा हसलो. पण वर्षभरानं प्रमोशनचा इंटरव्ह्यू आला. मला त्याची फार गरज होती. दुसऱ्या डिपार्टमेंटांत मागून आलेले दोघे पुढे गेले होते. बाहेरून एक नामवंत तज्ज्ञ आले होते. त्यांनी माझी यादी पाहिली, चष्मा काढला आणि आपुलकीनं म्हणाले, "तुमच्या गोव्यातच दमण नावाचे एक गृहस्थ माडावर चढणाऱ्यांच्या हृदयावर सुंदर काम करतायत. मी त्यांचा लेख माझ्या पुस्तकात घेतलाय. तुम्ही त्यांच्या हाताखाली होता असं दिसतं. मग ते काम सोडलंत का?"

"सर, दमण मीच," मी म्हणालो.

ते वाट बघत राहिले.

"म्हणजे दमण हा माणूस नाही. तो प्रदेश आहे."

"मला भूगोल येतो," ते म्हणाले आणि चष्मा परत लावला.

मॅडम समितीवर होत्या. त्या रुमाल तोंडाला लावून खिडकीबाहेर बघत होत्या. नंतर मला म्हणाल्या, "मी सांगणार होते हो, पण तोंड उघडलं असतं तर हसू फुटलं असतं, आणि मग तुमचं गेलं असतंच, माझंही गेलं असतं." तज्ज्ञांनी शेरा लिहिला होता: उमेदवारानं दमण यांच्याबरोबर काम सुरू ठेवावं.

त्या दिवशी बसमधून घरी येताना मला खरंच रडू येत होतं. सुलभा दारातच उभी होती.

"मिळालं?"

"दमणला मिळालं असतं," मी म्हणालो. तिनं अधिक विचारलं नाही. मी ताटावर बसल्यावर मात्र तिला एकदम कळलं असावं, कारण ती वाढता वाढता आत निघून गेली आणि स्वयंपाकघरातून तिचं हसणं ऐकू आलं. मग मलाही हसू आलं.

* * *

आता खाणीचं. हे घटकराज्याच्या थोडं आधीचं, भाषेवरून गोवा तापला होता तेव्हाचं. डिचोलीकडे लोखंडाच्या खाणी. तांबडी धूळ झाडांवर, छपरांवर, माणसांवर. तिथे माती भरणाऱ्या कामगारांची फुप्फुसं कशी आहेत ते आम्हाला बघायचं होतं. एका यंत्रात जोरात फुंकायचं आणि थोड्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. चढ चढताना धाप लागते का, सकाळी खोकला येतो का, असे प्रश्न.

मी फॉर्म मराठीत केला. पहिल्याच ठिकाणी तो परत आला, कोकणीत का नाही म्हणून. कोकणीत केला. दुसऱ्या ठिकाणी तो परत आला, मराठीत का नाही म्हणून. मॅडमनी मधून रेघ मारून दोन्ही भाषा शेजारी शेजारी घेतल्या. मग डावीकडे कोणती यावर खाणीच्या शेडमध्ये तासभर चर्चा झाली. माणसं चांगली होती, दोन्हीकडची. कुणी आवाज चढवला नाही, पण कुणी फुंकायलाही तयार होईना.

सगुण एवढा वेळ यंत्राची नळी पुसत बसला होता. तो उठला, समोरच्या मातीच्या ढिगावर धावत चढला, धावत उतरला, आणि पहिल्या कामगारासमोर छातीवर हात ठेवून धापा टाकत उभा राहिला. मग भुवया उंचावल्या. कामगारानं 'हो' अशी मान हलवली. मी खूण केली. सगुण खोकला. कामगारानं पुन्हा मान हलवली. संध्याकाळपर्यंत रांग संपली. सगुणला दुसऱ्या दिवशी उठता येईना.

पेपरात मी लिहिलं की प्रश्न स्थानिक भाषेत विचारले. तपासणाऱ्यानं समासात विचारलं: कोणत्या? ते पत्र आलं त्या दिवशी भाषेच्या आंदोलनामुळे नेमके रस्ते बंद होते आणि आम्ही तिघं कॉलेजातच अडकलो होतो. मॅडमनी डोळे मिटून थोडा विचार केला.

"लिहा," त्या म्हणाल्या, "अभिनयानं."

तसंच छापून आलं. शेवटी सगुणचे आभारही मानले होते. मी त्याला त्याचं नाव दाखवलं. तो खूश झाला, मग थोडा हिरमुसला. "इतक्या भांडण मिटयलंय," तो म्हणाला, "आणि नाव छापलात इंग्लिशीत."

* * *

त्या खाणीच्या पेपरात एक आकृती आहे. आडवी रेघ म्हणजे खाणीत काढलेली वर्षं, उभी रेघ म्हणजे फुंकर. एकेक कामगार म्हणजे एकेक ठिपका.

तपासणीत विश्राम नावाचा एक कामगार होता. नियमाप्रमाणे तीनदा फुंकायचं आणि तिन्ही फुंकरा साधारण सारख्या यायला हव्यात. विश्रामच्या तिन्ही वेगळ्या आल्या, कारण मधे मधे तो खोकत होता. अशा माणसाचे आकडे धरत नाहीत. मी त्याच्या नावापुढे 'असमाधानकारक' लिहिलं आणि त्याला आकृतीतून काढलं. जाताना त्याला मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली आणि हे धुळीचं काम सोड म्हणून सांगितलं. असं मी बऱ्याच जणांना सांगितलं होतं. कुणी ऐकेल असं मला वाटलं नव्हतं.

निवृत्तीनंतर एकदा मी डिचोलीला एका लग्नाला गेलो होतो. बाजारात भाजी घेऊन बसलेली एक बाई माझ्याकडे बघत राहिली. "तुमी फुंकून घेवपी दोतोर न्ही?" तिनं विचारलं. ती विश्रामची बायको होती, तपासणीच्या दिवशी त्याचा डबा घेऊन शेडमध्ये आलेली. त्या चिठ्ठीनंतर विश्रामनं खाण सोडली, औषध घेतलं आणि घरामागे मिरची, भोपळा लावायला सुरुवात केली. ती समोर मांडून बसली होती तीच ही भाजी. ती मला घरी घेऊन गेली.

विश्राम बारीक झाला होता, पण चालत-फिरत होता. त्यानं मला ओळखलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आमचो पेपर आयलो?"

छापून आला की दाखवीन, असं मी त्या शेडमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं. एकालाही दाखवला नव्हता.

पुढच्या आठवड्यात मी पेपर घेऊन पुन्हा गेलो. विश्राम उजेडासाठी खिडकीपाशी बसला, चष्मा लावला आणि एकेक पान उलटत आकृतीपाशी थांबला. हे ठिपके कसले म्हणून त्यानं विचारलं. मी म्हटलं, एकेक ठिपका म्हणजे तुमच्यातला एकेक माणूस.

"हांव खंयचो?"

त्याची बायको चुलीपासून उठून हात पुसत मागे येऊन उभी राहिली. मी कागदाकडे पाहिलं. मग मधल्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हा."

"हो हांव," त्यानं बायकोला दाखवलं. तिनं वाकून पाहिलं. मग त्यानं तिला बोलपेन आणायला सांगितलं आणि ठिपक्याशेजारी बारीक अक्षरात आपलं नाव लिहिलं. पेन त्यानं खाली ठेवलं नाही.

"म्हज्या कुशीक बाबलो," तो म्हणाला. "रांगेत म्हज्या फाटल्यानच आशिल्लो." त्यानं शेजारच्या ठिपक्यापाशी बाबलो लिहिलं. "हो पांडू. पांडू गेलो. हो रघू. रघूय गेलो." ठिपके रांगेच्या क्रमानं लावलेले नसतात हे मी सांगू शकलो असतो. तो लिहीत राहिला. एखादं नाव त्याला आठवलं नाही तर बायको सांगायची; कोण कुठल्या वाड्यावरचा, कुणाची मुलगी कुठे दिली, तेही सांगायची. चहा माझ्यासमोर निवून गेला.

शेवटी कोपऱ्यात, बाकीच्यांपासून लांब, एक ठिपका राहिला. दोघांनी मिळून बराच विचार केला. नाव सुचेना. विश्रामनं चष्मा वर सरकवला, माझ्याकडे पाहिलं आणि कागद व बोलपेन माझ्यापुढे ठेवलं.

"हो एक उरलो, सर," तो म्हणाला. "हो तुमी घेयात."